आधी माल दाखवा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण-मच्छी खाता का तेही विचारलं नाही. कोपरखैरण्यात आठवडाभर खोल्या बघत फिरल्यावर या तीन प्रश्नांची उत्तरं मी जिना चढतानाच देऊन टाकायला लागले होते. इथे ती तोंडातच राहिली.

"कॉलेजात काय शिकवता?" त्यांनी विचारलं.

"राज्यशास्त्र."

"म्हंजे काय काय असतं त्यात?"

"यंदा राजकीय विचारप्रणाली आहेत. उदारमतवाद, समाजवाद, राष्ट्रवाद... अशा पाच-सहा."

"बरं." ते थोडे पुढे सरकले. "मग त्यातली पास कुठली झाली?"

मी म्हटलं, तसं पास-नापास नसतं. आम्ही प्रत्येक विचाराची मांडणी बघतो, त्यामागची तत्त्वं बघतो, युक्तिवाद तपासतो.

"हां. म्हंजे तुमी ड्रॉइंग बघता," ते म्हणाले. "माल बघत न्हाई."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला आधी पाणी तरी द्या. लगेच शाळा घ्याय बसले."

मी त्या घरात चार वर्षं राहिले. वाद मात्र त्या पहिल्या पाच मिनिटांतच सुरू झाला होता.

काका मूळचे साताऱ्याकडचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. मशीनवर कामाला लागले आणि निवृत्त झाले ते माल तपासणारे म्हणून. तयार झालेला भाग ड्रॉइंगशी, म्हणजे कागदावरच्या आराखड्याशी, ताडून मोजायचा आणि तो पुढे जायचा की परत, हे ठरवायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी काम सोडलं, तपासणी सोडली नाही. लोक खिशात पेन ठेवतात, तिथे यांच्या खिशात व्हर्निअर, मिलीमीटर मोजायची सरकती पट्टी. भाकरीची जाडी, चपलेची टाच, दुकानातल्या खिळ्यांची लांबी, सगळं त्यात धरून बघायचे. एकदा न्हाव्याने दाढी केल्यावर दोन्ही बाजूंचे कल्ले मोजून त्यांनी त्याला डावीकडचा दोन मिलीमीटरने उतरवायला लावला. न्हावीही तसाच वस्ताद. म्हणाला, "काका, नाक मधी नाय तुमचं, त्याला मी काय करू?"

त्यांच्याकडे तीन रबरी शिक्के होते, स्वतः बनवून घेतलेले. एक 'पास', एक 'रिजेक्ट' आणि एक 'रिवर्क', म्हणजे टाकायचं नाही, पण दुरुस्त करून पुन्हा आणायचं. महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार सुरू झाला की या शिक्क्यांना सुगीचे दिवस येत. उमेदवार यायचे, हार-तुरे, मागे पंधरा-वीस कार्यकर्ते, हातात पत्रकं. काका सगळ्यांना बसवायचे. काकूंचा आल्याचा चहा असायचा, त्यामुळे सगळ्या रंगांचे झेंडे आमच्या दारात न चुकता थांबायचे.

"काका, आमचा विचार असा आहे की..." असं कुणी सुरू केलं की काका टेबलावर बोट ठेवायचे.

"विचार इथं ठेवा. कुटं जात न्हाई त्यो. आधी माल दाखवा. गेल्या खेपेला तुमच्या विचारानं या गल्लीत काय झालं?"

मग समोरचा गडबडायचा, देशाचं सांगायचा, राज्याचं सांगायचा. काका शांतपणे गल्लीवर परत आणायचे. शेवटी पत्रकावर शिक्का. त्याचा फोटो लगेच आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. उजवे, डावे, मधले, काकांनी कुणालाही सोडलं नाही. त्यामुळे गंमत अशी झाली होती की प्रत्येक पक्षाला ते दुसऱ्या पक्षाचे वाटायचे.

एकदाच एक तरुण उमेदवार चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काका, खरं सांगू? गटाराचं आम्ही बोललो होतो, झालं नाही. चूक आमचीच आहे." काकांनी त्याच्या पत्रकावर 'रिवर्क' मारला. तो पोरगा ते पत्रक घडी करून खिशात घालून घेऊन गेला. त्याला ते प्रशस्तिपत्रक वाटलं असावं. होतंही तसंच.

मी अर्थात गप्प बसणाऱ्यातली नव्हते. म्हणायचे, "काका, माल वाईट निघाला म्हणून ड्रॉइंग वाईट कसं? मशीन बिघडलेलं असेल, लोखंड हलकं असेल, कामगार नवखा असेल."

"शंभरदा बिघडलं तर?"

"तर शंभरदा मशीन तपासा."

"आन् त्या शंभर येळा ज्यांची बोटं तुटली, त्यांना काय सांगू? ड्रॉइंग झकास व्हतं म्हून?"

मी वर जाऊन पुस्तकं उघडायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन खाली यायचे. इतका अभ्यास मी परीक्षेसाठीही केला नव्हता.

रविवारी या वादात तिसरा माणूस सामील व्हायचा. आबा. काकांच्याच गावचे, जन्मापासूनचे मित्र, राहायला दिघ्याला. काका बुटके आणि इस्त्रीतले. आबा उंच, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या टोपीतले. वाशीच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर पोती उचलली. दर रविवारी ते बरोबर साडेबाराला आमच्याकडे जेवायला यायचे. हा रिवाज किती जुना, तर काकूंना आठवत नव्हतं. त्या म्हणायच्या, "माझ्या थोरल्याला दात आले तवापासून."

आबांचा पक्ष माझा. त्यांचं म्हणणं, "माणसाच्या मनात काय हाय ते आधी बगावं. पाऊल वाकडं पडंल, पर वाट तरी नीट धरली का न्हाई?" काका चिडायचे, "आब्या, नीट वाट धरून माणूस हिरीत पडला तर?" आबा रस्सा ओरपत म्हणायचे, "तर तू वरनं शिक्का मार, मी दोर सोडतो." काकू हसून हसून वाढायच्या थांबायच्या.

तिसऱ्या वर्षी मी काकांना कॉलेजात नेलं. विषय फळ्यावर मी लिहिला होता: राजकीय विचारांना तोलायचं कशाने, तत्त्वांनी की परिणामांनी? मला वाटलं होतं काका दहा मिनिटं बोलतील आणि मुलं हसतील. काका आले ते काकूंनी केलेले वीस रव्याचे लाडू घेऊन. वर्गात मुलं तीस.

त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, सगळ्यांना सारखं. दुसऱ्याला, ज्याची लायकी त्याला. तिसऱ्याला, मोकळीक, ज्याला जसं जमेल तसं. प्रत्येक गटासमोर लाडू ठेवले आणि घड्याळ लावून बसले.

पहिल्या गटाने सारखे तुकडे करण्याच्या नादात अर्ध्या लाडवांचा भुगा करून टाकला. दुसऱ्या गटात लायकी ठरवायची कुणी यावरून जी जुंपली, ती पंधरा मिनिटांनी लाडू तसेच असताना चालू होती. तिसऱ्या गटातल्या दोन दांडग्या मुलांनी अर्ध्या मिनिटात सगळे लाडू उडवले आणि मग बाकीच्यांचे चेहरे बघून लाजून बसले. वर्ग हसून आडवा झाला होता. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले. काका फळ्याजवळ कमरेवर हात ठेवून उभे, जिंकल्यासारखे.

"बघितलं? तिन्ही विचार कागदावर झकास. माल बघा, भुगा!"

तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. खाडीकाठच्या जुन्या गावातली, वर्गात सहसा न बोलणारी.

"काका, पन निकाल बघायचा कदी?"

"म्हंजे?"

"माज्या आजीच्या बापानं तिला शालेत घातली. अख्ख्या गावात तीच एक पोरगी. लोकांनी नावं ठेवली, दोन वर्सांत शाला सुटली. तवा बघितला असता तर निकाल काय? नापास. पन तिनं माज्या आयला अक्षर शिकवला, आन् मी हितं बसलेली हाय. मंग निकाल कंच्या सालाचा धरायचा?"

काकांनी कमरेवरचे हात खाली सोडले. म्हणाले, "पोरी, हे मला म्हाईत न्हाई." आणि लाडवांच्या डब्याच्या तळाशी राहिलेला एक अख्खा लाडू तिला देऊन खाली बसले.

रिक्षातून परत येताना ते बाहेर बघत होते. कोपरखैरणे आलं तरी उतरेनात. मग एकदम म्हणाले, "मॅडम, मी एक संप केलावता."

मला हे माहीत नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. ते तिशीत असतानाची गोष्ट. कारखान्यात घासकामाच्या खात्यात धूळ खेचणारा पंखा नव्हता. माणसं दिवसभर लोखंडाची धूळ गिळायची. एकाने साहेबाला तोंडावर सांगितलं, त्याला काढून टाकलं. काका तेव्हा भाषणं करायचे, पुस्तकं वाचायचे. "विचार पक्का व्हता माझा," ते म्हणाले, "आत्ता तुमच्या पोरांसमोर मांडला असता तर टाळ्या पडल्या असत्या." त्यांनी सगळ्यांना गेटवर बसवलं. दोन महिने बसले. मग संप फुटला. बरेच जण आत घेतले गेले, काकाही, कारण कारखान्याला त्यांच्या हाताची गरज होती. अठरा जणांना कायमचं काढलं. त्यांतला एक आबा.

"मशीनवरचा कारागीर व्हता त्यो," काका म्हणाले. "माझ्याहून हात चांगला. माझ्या विचारापायी पोती उचलत राहिला जन्मभर. त्या दिवशी मी ठरवलं, विचारबिचार सगळं झूट. हातात काय पडलं ते बघायचं."

"आणि पंखा?" मी विचारलं.

"बसला. दीड वर्षानं. आजबी हाय. त्याच्याखाली काम करणाऱ्या पोरांना आमचं नावबी ठावं न्हाई." मग मान हलवत म्हणाले, "ती पोरगी विचारत व्हती ना, कंच्या सालाचा निकाल. मी संप फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी धरला. दीड वर्षानं धरायचा व्हता का, ह्ये मला आजवर कळलं न्हाई."

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर, आबा सुपारी कातरत असताना, काकांनी विषय काढला. तीस वर्षांत कधी काढला नव्हता.

"आब्या, माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं. आज तू निकाल दे."

आबा खळखळून हसले. "येडा का काय तू? तुझ्यामुळं? मी काय तुझ्या कडेवर बसून गेटवर आलोवतो? माझ्या मनानं आलतो. आन् सांगू का, ते दोन महिने साहेब मला 'अहो' म्हणत व्हता. अहो! माझ्या बापाला कुणी अहो म्हटलं न्हवतं."

काकांचे डोळे भरून आले. तिथे थांबले असते तर सगळं छान झालं असतं. पण मन मोकळं करायला बसलेला माणूस थांबत नाही. ते म्हणाले, "मग एवढी वर्षं मी उगंच जीवाला खात व्हतो. तुला रविवारी जेवाय बोलवायचो ते तरी त्याचंच प्रायश्चित्त व्हतं, म्हून जरा..."

अडकित्ता थांबला.

"काय म्हणालास?"

"न्हाई, म्हंजे..."

"मला वाटायचं माझी संगत आवडती म्हून बोलावतोस." आबा उठले. टोपी सारखी केली. "प्रायश्चित्ताचं जेवत व्हतो व्हय मी इतकी वर्षं?"

"आब्या, जेवलास तर पोटभर ना? काय फरक पडला त्यानं?"

काकांच्या सगळ्या तत्त्वज्ञानातलं हे सगळ्यात वाईट वेळी बोललेलं वाक्य. आबा काकूंकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमच्या हाताला नावं ठेवत न्हाई," आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी साडेबारा वाजले, पाऊण झाला, आबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. फोन उचलेनात. काका ताटावर बसायचे आणि दाराकडे बघायचे. मी मुद्दाम समाजवादाचा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "असंल बरोबर तुमचं." काकांनी माझं बरोबर म्हणणं म्हणजे ताप आल्यासारखंच होतं. काकूंनी तिसऱ्या आठवड्यात सांगून टाकलं, "तुम्ही दोगं म्हातारे एकमेकांवाचून मरणार, आणि सुतक मला."

चौथ्या रविवारी सकाळी काकांनी माझं दार वाजवलं. हातात सतरंजी आणि जुन्या कॅलेंडरचं पान. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहा, आमची मागणी मान्य झालीच पायजे."

"कुठली मागणी?"

"ते तिथं सांगतो."

आम्ही तिघं दिघ्याला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी वर चढत जाणाऱ्या अरुंद गल्लीत आबांचं घर. काकांनी बरोबर त्यांच्या दारासमोर सतरंजी अंथरली आणि फलक धरून बसले. शेजारी काकू. मीही बसले. तीन माणसांचं ठिय्या आंदोलन. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली.

"कुठल्या पक्षाचे?" एका बाईने विचारलं.

"जेवणाच्या," काकू म्हणाल्या.

"पाण्याचंबी घ्या की त्यात. चार दिस झाले, करंगळीएवढी धार येतीया."

काकांनी लगेच माझ्याकडून फलकावर खाली लिहून घेतलं: दोन, गल्लीला पाणी. बाई खूश होऊन शेजारी बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. आबांनी दार उघडलं तेव्हा समोर सहा-सात जणांचा मोर्चा होता.

"हे काय नाटक?"

"संप हाय."

"कुणाच्या इरोधात?"

"तुझ्या. तू येईस्तवर माझ्या घरात रविवारची चूल पेटणार न्हाई."

"मला बरंच हाय," काकू म्हणाल्या. "सुट्टी."

आबांना हसू येत होतं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. उंबऱ्यावर बसले. "खरं सांग. का बोलवत व्हतास?"

काका फलकामागून बोलायला लागले, मग फलक खाली ठेवला. "पहिली दोन-चार वर्षं मनाला लागलं व्हतं म्हून. खोटं कशाला बोलू? मग ते कवा गेलं, मला कळलं न्हाई. मागल्या वर्षी तू तापानं पडलास, आला न्हाईस, तवा मी गेटबीट काय आठवलं न्हाई. मला एवढंच वाटलं, हा मेला तर मी भांडू कुणासंगं? मी बोलावणं कशासाठी सुरू केलं ते सांगितलं तुला. त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू विचारलं न्हाईस."

"तू मोजून बसतो सगळं, ह्ये मोजाय आलं न्हाई व्हय रं तुला?"

"न्हाई आलं," काका म्हणाले.

मग वाटाघाटी झाल्या. आबांनी दोन अटी घातल्या. एक रविवार काकांकडे, एक रविवार दिघ्याला. आणि दिघ्याच्या रविवारी स्वयंपाक सुनेने करायचा नाही, आबा स्वतः करणार. "तू मला इतकी वर्षं वाढलंस म्हणतोस. तू कुटं? वैनींनी वाढलं. मी माझ्या हातानं रांधून घालणार." काकांनी दोन्ही मान्य केल्या. टाळ्या पडल्या. पाण्याच्या बाईने विचारलं, "आन् आमचं?" तेव्हा आबा आणि काका दोघेही तिच्याबरोबर उठले. सोमवारी ते पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसले, मंगळवारी परत गेले, आणि आठवडाअखेर गल्लीत जाड धार आली. ते पाणी कोणत्या विचारप्रणालीने आलं हे मला अजून वर्गात सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दिघ्याला जेवलो. सुनेला आबांनी बाहेर हाकललं होतं. ती दारात उभी राहून आम्हाला डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा मटणाचा रस्सा केला होता. रश्श्यात मीठ असं पडलं होतं की पहिल्या घासाला माझ्या कानात झिणझिण्या आल्या. भाकऱ्या एका बाजूने करपलेल्या, दुसऱ्या बाजूने कच्च्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. आबा समोर मांडी घालून बसलेले, घामाने चिंब, डोळे काकांच्या ताटावर लावून.

"कसं झालंय?"

"वाढ," काका म्हणाले.

त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रस्सा दोनदा घेतला. मध्ये मध्ये तांब्याभर पाणी प्यायले. संपाबद्दल, पंख्याबद्दल, त्या साहेबाबद्दल दोघे मित्र दोन तास बोलले, हसले, एकदा जोरात भांडलेही. निघताना आबा गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले.

रिक्षा ऐरोलीच्या पुढे आल्यावर काकूंना राहवेना. "अहो, मिठाचा खडा नव्हता, डोंगर होता. आणि तुम्ही तीन-तीन भाकऱ्या! माझ्या भाकरीला एवढासा चटका लागला तर ताट सरकवता."

काका पाण्याची बाटली संपवून म्हणाले, "त्याचा विचार चांगला व्हता."

काकू आणि मी एकमेकींकडे बघितलं. आणि मग जे हसू फुटलं ते कोपरखैरणे येईपर्यंत थांबलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता. काका ताठ बसून, अगदी गंभीर चेहऱ्याने, दुसरी बाटली कुठे मिळेल ते बघत होते.